एकशे सत्त्याण्णव किलो

ताडपत्रीवर एकूण एकोणचाळीस वस्तू होत्या. चेनसॉ दोन: अठरा इंची पात्याची मोठी, आणि झाडावर न्यायची लहान. दोर चार, चारही वेगळ्या रंगांचे, म्हणजे माणसाचा दोर आणि ओझ्याचा दोर यांची घाईत गल्लत होऊ नये. चढणाऱ्याचा कमरपट्टा एक. कमरेपासून खोडाला बांधायचा आखूड दोर एक. कड्या चौदा. पुल्या दोन. खोडाला गुंडाळायचे पट्टे पाच. लोखंडी ढोल एक. हेल्मेटं तीन, हातमोजे तीन जोड, हातकरवत एक, लाकडी हातोडा एक, पेट्रोलचा डबा एक. बुटांना बांधायचे लोखंडी काटे त्यात नव्हते. ते तोडून टाकायच्या झाडासाठी असतात. जे झाड जगवायचं आहे त्याच्या सालीत आम्ही काटे रोवत नाही.

ही यादी मी मंगळवारी, ६ फेब्रुवारी २०१८ला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लिहिली. तिच्याखाली झाडाची नोंद आहे. कडुनिंब, छातीच्या उंचीवर घेर २.७१ मीटर, उंची साडेचौदा मीटर, मुख्य फांद्या पाच, पोपटांच्या ढोल्या दोन. तिसरी फांदी सी ब्लॉकच्या भिंतीकडे गेलेली. तीच काढायची होती.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून नोएडातल्या एका लहान कंपनीत लागले होते. झाड न मारता त्याची छाटणी करणं हे कंपनीचं काम. मालक राजाभाऊ ऑफिसात बसायचे. सतबीर झाडावर चढायचा, चंदर खाली दोर धरायचा, आणि कुठे कापायचं, तुकडा किती वजनाचा होईल, हे मोजून सांगणं माझ्याकडे होतं.

सोसायटी दिल्लीच्या पश्चिम विहारमधली, गोदाकाठ नावाची. चौसष्ट घरं, चार मजले, लिफ्ट नाही. साळवींपासून शेखांपर्यंत सगळे महाराष्ट्रातून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेले आणि इथेच निवृत्त झालेले. गुडघे सगळ्यांचे एकदमच दुखायला लागले, म्हणून आता बाहेरून लिफ्ट बसवायची ठरली होती आणि तिसरी फांदी बरोबर लिफ्टच्या जागेत येत होती. सेक्रेटरी भाऊसाहेब वैशंपायन माझ्या बाबांचे जुने ओळखीचे. त्यांच्या पत्नी, कुमुदकाकू, चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि सात महिन्यांत एकदाही खाली उतरल्या नव्हत्या.

आमच्या फॉर्मवरचा अकरावा प्रश्न असा आहे: झाडात कधी खिळे, तार, सळई, सिमेंट किंवा इतर काही घातले आहे काय? भाऊसाहेबांनी निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'. खाली सही, आणि सहीखाली 'सेवानिवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर'.

सतबीर वर गेला आणि लाकडी हातोड्याने फांदी ठोकत ठोकत भिंतीच्या बाजूला सरकला. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. आवाज बदलला नाही.

"ठोस है जी," तो वरून ओरडला. "एकदम ठोस."

भाऊसाहेब मफलर गुंडाळून, हात मागे बांधून माझ्या शेजारी उभे होते. "दगड आहे दगड," ते म्हणाले. "वाजवा कितीही. आम्ही नीट काळजी घेतलीय त्याची."

मी हसले. फॉर्मवर लिहिलं, 'भरीव'. फांदीच्या वरच्या अंगाला, खोडापासून मीटरभरावर, एक जुनी जखम सालीने पूर्ण मिटवलेली दिसत होती. तिची लांबी सतबीरने वितीने मोजून सांगितली, साधारण तीस सेंटिमीटर. झाडाने इतकी मोठी जखम इतकी सुंदर मिटवलेली मी पाहिली नव्हती. मी तिचा फोटो काढला. त्या फोटोची मला आजही लाज वाटते.

मग मी फांदीवर खडूने तीन निशाण्या करून घेतल्या. टोकाकडून दोन तुकडे लहान, दीडशे किलोच्या आतले. शेवटचा, तिसरा तुकडा सर्वांत जाड: लांबी १.६० मीटर, सरासरी घेर १.३५ मीटर. ओल्या कडुनिंबाचं घनमीटरला साडेआठशे किलो धरून वजन निघालं एकशे सत्त्याण्णव. तो उतरला की खोडाशी चाळीस सेंटिमीटरचा खुंट उरणार होता. तो खुंट नंतर कापायचा, फांदीच्या मुळाशी जी सुजल्यासारखी कड असते तिच्या बाहेरून. ती कड शाबूत राहिली तरच झाड जखम मिटवतं.

वजनाचा आकडा का लागतो, ते सांगायला हवं. कापलेला तुकडा धाडकन खाली पडू द्यायचा नसतो. त्याला दोर बांधतात, दोर वरच्या पुलीतून फिरवून खाली खोडाला आवळलेल्या लोखंडी ढोलाभोवती गुंडाळतात, आणि खालचा माणूस तो हळूहळू सोडतो. ढोलाभोवती वेढे किती, ते वजनावर ठरतं. आमचा नियम सोपा होता: अडीचशे किलोपर्यंत दोन वेढे, त्याच्या वर तीन. वेढे कमी पडले तर दोर हातात थांबत नाही. जास्त झाले तर तुकडा मध्येच अडकून झटका देतो.

एकशे सत्त्याण्णव. मी चंदरला बोटं दाखवली: दोन.

अकरा वाजता भाजीवाला आला. सतबीर तेव्हा चौथ्या मजल्याच्या उंचीवर, दोरावर बसल्यासारखा लटकून होता, आणि तीन मीटरवर गॅलरीत कुमुदकाकू टोपली खाली सोडत होत्या. त्यांचा नायलॉनचा दोर जागोजागी उसवला होता.

"माताजी, ये रस्सी तो गई," सतबीर म्हणाला. "किसी दिन गोभी किसी के सिर पे गिरेगी."

"सेक्रेटरी के सिर पे गिरी तो गिरने दो," काकू म्हणाल्या. खाली भाऊसाहेबांनी वर पाहिलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

सतबीरने चंदरकडून गाडीतला जुना नारिंगी दोर मागवला. माणसाच्या दोराचं वय झालं की आम्ही तो माणसासाठी वापरत नाही. फ्लॉवरसाठी तो पुढची वीस वर्षं चालला असता. त्याने तो काकूंच्या कठड्याकडे फेकला, गाठ कशी मारायची ते स्वतःच्या दोरावर दोनदा करून दाखवलं, आणि काकूंनी तिसऱ्यांदा ती बरोबर मारल्यावर टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी सगळे खाली होते. सतबीर पानिपतजवळच्या गावचा. तिथले रोड लोक स्वतःला लढाईनंतर तिथेच राहिलेले मराठे म्हणवतात, आणि मी मराठी आहे हे कळल्यापासून तो मला सोडत नव्हता.

"आप लोग चौदह जनवरी को बस भर के काला अंब आते हो," तो म्हणाला. "दो घंटे रोते हो. फिर बाज़ार से कंबल खरीद के शाम तक घर. हम ढाई सौ साल से वहीं बैठे हैं, हमारा हाल कोई पूछता नहीं."

"कंबल अच्छे होते हैं," मी म्हटलं.

"बिल्कुल. मेरी बुआ बनाती है."

भाऊसाहेबसुद्धा हसले. यंदाच्या बसची व्यवस्था त्यांनीच केली होती.

दुपारी दोनला पहिले दोन तुकडे खाली आले होते, अगदी हिशेबाप्रमाणे. तेवढ्यात भाऊसाहेबांनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. गेटच्या रजिस्टरमध्ये सकाळी आमच्या गाडीचा नंबर लिहायचा राहिला होता. "नियम म्हणजे नियम, बेटा. आत आलेली, बाहेर गेलेली प्रत्येक गाडी लागते." मला चीड आली, पण मी गेले. शेवटचा तुकडा कापताना मी खाली असायला हवं होतं, हे मला माहीत होतं. तरी गेले.

मी चौथा रकाना भरत होते तेव्हा चेनसॉ थांबली. मग पुलीचा एक मोठा सरकता आवाज, मग चंदरची किंकाळी, मग सतबीरची.

दोर चंदरच्या हातमोज्यांतून सुटत गेला होता. दीड मीटरवर थांबायला हवा होता तो तुकडा साडेतीन मीटर खाली गेला, तिथे कसाबसा अडकला, आणि झोक्यासारखा खोडाकडे परतला. खोडाला टेकून सतबीर होता. डाव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. तो दोरावर लटकलेला, पाय नको तिथे वाकलेला, आणि तरी त्याने आधी चेनसॉचा ब्रेक लावला, मग ती कमरेच्या कडीला अडकवली, मग ओरडला. हे मला चंदरने सांगितलं. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालं गेली होती.

सतबीरला खाली आणायला बावीस मिनिटं लागली.

मी हॉस्पिटलमधून संध्याकाळी परत आले तेव्हा ताडपत्रीजवळ भुसा झाडून घेतलेला होता आणि तिन्ही तुकडे गायब होते.

"लाकडाच्या टालवाल्याला बोलावून दिले," भाऊसाहेब म्हणाले. "रस्ता मोकळा नको करायला? इथे म्हातारी माणसं राहतात. अँब्युलन्स यावी लागते."

"अँब्युलन्स येऊन गेली, काका."

"तेच म्हणतोय मी."

राजाभाऊंनी अहवाल गुरुवारी पाचपर्यंत मागितला. त्यात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. तिथे 'चढणाऱ्याची चूक' असं आलं की अपघाताचा विमा हात वर करतो. ते एक वेळ सोडून देऊ. पण पाय जुळला तरी सतबीरला दिल्लीत परत कोणी झाडावर चढवलं नसतं. हे काम करणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत आणि सगळ्या एकमेकांना फोन करतात. त्याला दुसरं काम येत नव्हतं आणि नको होतं.

त्या रात्री मी गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा एकशे सत्त्याण्णव. दोन वेढ्यांवर चंदरने याआधी दोनशे चाळीस किलो अलगद उतरवले होते, मी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे तुकडा जड होता. माझं गणित बरोबर आणि तुकडा जड, याचा एकच अर्थ मला लागत होता. सतबीरने निशाणी चुकवली, टोकाकडचा दुसरा तुकडा आखूड घेतला आणि शेवटचा लांब, आणि मला ते खालून दिसलं नाही. दोन वाजले होते, भूक लागली असेल, घाई केली असेल.

बुधवारी सकाळी मी त्याच्या खाटेशेजारी उभी राहून त्याला हेच विचारलं.

"सतबीर, सच बताओ. निशान पे काटा था? या थोड़ा आगे-पीछे?"

त्याने माझ्याकडे मान वळवली. पायाला वजन बांधून ते खाटेच्या पायथ्यावरून खाली टांगलं होतं. त्या वजनाची पुली आमच्यापेक्षा हलकी होती, हेही मला त्या वेळी दिसलं.

"निशान आपके थे, मैडम जी," तो म्हणाला. "मैंने आपके निशान पे काटा."

"मग तुकडा..." मी मराठीत बोलू लागले आणि थांबले. "तो फिर इतना भारी कैसे?"

"गणित भी आपका था."

मी वहीतलं ते गणित पुन्हा उघडलं.

"कल हाथ पर सूजन थी चंदर के," तो छताकडे बघत म्हणाला. "उसको दोष मत देना. उसने छोड़ी नहीं, रस्सी ही नहीं रुकी. और आप भी जाओ अब. आपसे उम्मीद नहीं थी."

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. राग इतका होता की कोणावर ते कळत नव्हतं. सतबीरवर होता, कारण तो खोटं बोलत असावा. माझ्यावर होता, कारण तो खरं बोलत असावा.

दुपारी भाऊसाहेबांनी मला कमिटीच्या सहीशिक्क्याचं पत्र दिलं, टाइप केलेलं. 'सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे व बहुधा मद्यप्राशनामुळे'.

"हे कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"अगं, हे लोक पितातच."

"सकाळी आठला मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून त्याच्या पट्ट्याच्या कड्या मोजल्या, काका. एकेक. मला वास नाही आला."

"तू लहान आहेस. तुला काय कळतो वास."

"मला फॉर्मॅलिनचा, क्लोरोफॉर्मचा, सडलेल्या सालीचा आणि दारूचा वास वेगवेगळा कळतो. त्यातच मार्क मिळवलेत मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सबनीसची मुलगी ना तू? तुझ्या बाबांना मी एकोणऐंशीपासून ओळखतो. इतकं तडतडायचं नसतं. बारा सोसायट्यांच्या कमिट्यांवर माझी माणसं आहेत, तुमच्या राजाभाऊंना विचार."

राजाभाऊंना विचारायची गरज पडली नाही. त्यांचाच फोन आला. "वृंदा, यार, पत्र आलंय ना त्यांचं? मग ते जोड आणि विषय संपव. सतबीरला मी माझ्याकडून बघीन काहीतरी."

"काय बघाल?"

"चौकीदाराचं काम वगैरे."

मी फोन ठेवला. पत्र घडी करून फाइलच्या शेवटी सरकवलं.

गुरुवारी सकाळी नऊला मी टेप घेऊन परत झाडाखाली गेले. चंदरने बँडेज बांधलेल्या हातांनी शिडी धरली. खोडाशी उरलेला खुंट मोजला: चाळीस सेंटिमीटर, अर्धाही इकडेतिकडे नाही. कापाच्या कडेला माझा खडू अजून होता. छाटही स्वच्छ, आधी खालून, मग वरून, साल कुठे ओरबाडलेली नाही. ज्या माणसाने ही बाजू अशी कापली त्याने दुसरी बाजू चुकवली, असं मी बुधवारी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. पण दुसरी बाजू तुकड्याबरोबर गेलेली.

"ए मुली." आवाज वरून आला. "इकडे बघ."

कुमुदकाकू गॅलरीत होत्या. नारिंगी दोरावरून टोपली खाली येत होती, धक्के न बसता, हात आळीपाळीने सोडत. गाठ सतबीरने शिकवलेलीच होती.

टोपलीत मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि त्यांच्याखाली सोसायटीची १९९९ची गणेशोत्सव स्मरणिका.

"पान तेवीस," काकू म्हणाल्या.

पान तेवीसवर फोटो होता. आमचंच झाड, बारीक. भिंतीला रंगकामाची परांची लावलेली, परांचीवर गवंडी, घमेलं, आणि हातात थापी घेतलेले, काळ्या केसांचे भाऊसाहेब. फांदीला हार घातलेला. खाली छापलं होतं: 'वादळात फांदी तुटून पडलेली पोकळी एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर श्री. वैशंपायन यांनी सळया टाकून, काँक्रीटने भरून आपल्या कडुनिंबास जीवदान दिले. या प्रसंगी श्रीफळ वाढवण्यात आले.'

मी ते दोनदा वाचलं. मग वर पाहिलं. हातोड्याखाली फांदी भरीव वाजली होती, कारण ती भरलेली होती. पुलाच्या खांबासारखी. साडेअठरा वर्षांत झाडाने त्यावर साल चढवली आणि मी त्या सालीचा फोटो काढला.

"त्या मुलाचा पाय कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"मोडलाय, काकू. दोन्ही हाडं."

"त्याने मला गाठ शिकवली," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांग, मी दिलं म्हणून. लपवू नकोस. आणि मेथी घे, नाहीतर म्हणतील नुसताच कागद पाठवला."

भाऊसाहेब ऑफिसात होते. मी स्मरणिका त्यांच्यासमोर उघडी ठेवली, त्यावर आमचा फॉर्म, अकरावा प्रश्न वर येईल असा.

त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. "इतक्या जुन्या गोष्टी कोणाच्या लक्षात राहतात?"

"मंगळवारी सकाळी होती लक्षात. दगड आहे दगड, म्हणालात."

"हळू बोल."

"नाही बोलणार. तुम्ही 'होय' लिहिलं असतं तर मी तीन वेढे सांगितले असते. एक वेढा, काका. एक जास्तीचा वेढा, इतकंच लागत होतं. ते लिहायला काय पडत होतं तुम्हाला?"

"झाडांभोवतीचं सिमेंट काढा म्हणून शहरभर आदेश आलेत," ते म्हणाले. आता तेही चढ्या आवाजात बोलत होते. "आणि मी लिहून देऊ, आमच्या झाडाच्या आतच आहे म्हणून? परवानगी थांबली असती. लिफ्ट थांबली असती. सात महिने, कळतंय तुला? सात महिने ती बाई खाली आलेली नाही. मी काय करायचं होतं?"

"विचारलं तेव्हा खरं सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच विचारतो आम्ही."

"मी त्या वेळी झाड वाचवलं! सगळी सोसायटी म्हणत होती तोडा, मी वाचवलं. खांबाला भेग पडली की आपण काय करतो?"

"झाड खांब नाही. झाडाला पोकळीत काही नको असतं. तसंच ठेवलं असतं तरी उभं राहिलं असतं." मी त्यांचं पत्र काढून फॉर्मशेजारी ठेवलं. "आणि मग सतबीर पितो? हे कोणत्या खांबात शिकलात?"

ते खुर्चीत मागे टेकले. मान खाली घालून त्यांनी स्मरणिकेचं पान मिटलं, पुन्हा उघडलं. "टालवाल्याने आतापर्यंत फाडलं असेल ते," ते म्हणाले. ते घाबरून म्हणाले की सुटका झाली म्हणून, मला ठरवता आलं नाही. मी थांबलेही नाही.

गेटवर रजिस्टर होतं. आत आलेली, बाहेर गेलेली प्रत्येक गाडी. ६ फेब्रुवारी, दुपारी चार चाळीस, टेम्पो, नंबर, माल: लाकूड, आणि पुढच्या रकान्यात टालचं नाव आणि कीर्तीनगरचा पत्ता. चंदर आणि मी रिक्षाने गेलो. पाऊण तास लागला. सगळा वेळ मी मनात बँड-सॉचं पातं लाकडातून चालताना बघत होते. तुकड्याच्या फळ्या झालेल्या असल्या तर माझ्याकडे एक जुना फोटो होता, आणि फोटोतून वजन निघत नाही.

टालमध्ये शिरताच एक माणूस आमच्यावर ओरडत धावून आला.

"आप हो गोदाकाठ वाले? आओ, आओ! लकड़ी बोल के पत्थर बेच गए! आरा देखो मेरा!"

त्याने पातं दाखवलं. सलग अकरा दात उडाले होते. तुकडा यंत्राजवळच आडवा पडला होता, टोकाशी फक्त एक कापाची रेघ, सव्वीस सेंटिमीटर खोल. रेघेच्या तळाशी राखाडी काहीतरी चमकत होतं. त्यात गंजलेल्या सळईचा गोल होता.

"इसे हाथ मत लगाना," मी म्हटलं.

"अब कौन लगाएगा? ले जाओ ये मुसीबत!"

"ले जाएँगे. पहले तौल दो."

"तौल दूँ? मेरा आरा कौन देगा?"

"उनका नाम, पता, फ़ोन, सब लिख के देती हूँ. सेक्रेटरी हैं, रिटायर्ड इंजीनियर. अभी तौलो."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या हातात अजून मेथी होती. मग त्याने दोन हमालांना हाक मारली. चौथ्या प्रयत्नाला, सहा जणांनी, पहारी घालून तुकडा लाकडाच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर लोटला. मी त्याआधी टेप लावली. चंदरने दुसरं टोक धरलं, मी आकडा मोठ्याने वाचला, त्याने पुन्हा वाचला. दुसऱ्या टोकाच्या कडेलाही माझा खडू होता.

मी फोनवर चालू व्हिडिओ काढला, काट्याची पाटी दिसेल असा, आणि तो आधी सतबीरला पाठवला, नंतर राजाभाऊंना. कमिटीचं पत्र मी अहवालाला जोडलं नाही. स्मरणिकेचं पान, फॉर्म आणि गेटच्या रजिस्टरचा फोटो जोडला. 'कारण' या रकान्यात चार ओळी लिहिल्या. त्यात माझं नावही आहे, कारण आवाज भरीव का येतो हा प्रश्न मी मला विचारला नव्हता. सही केली तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

त्याखालच्या रकान्यात मोजमापं लिहायची असतात.

तुकड्याची ठरवलेली लांबी १.६० मीटर. मोजलेली लांबी १.६० मीटर. गणिताने वजन १९७ किलो. काट्यावर वजन ३२१ किलो.